पावसात बुजवलेली भोकं

लोणावळ्याच्या त्या घरात आम्ही राहायला गेलो, तेव्हा आमच्या ह्यांनी सामान सोडायच्या आधी दाराच्या चौकटीवर नावाची पाटी लावली. नवं लग्न, रेल्वेतली नवी नोकरी आणि पहिलंच बिऱ्हाड. पाटीची घाई समजण्यासारखी होती. स्क्रू पिळून हे जरा मागे सरकून पाटीकडे कौतुकाने बघताहेत, तोच पाठीमागून आवाज आला.

"किती?"

वळून पाहिलं तर घरमालकीणबाई. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री.

"काय किती?" ह्यांनी विचारलं.

"भोकं किती पाडलीत?"

"दोन."

त्या पुढे आल्या आणि पाटीच्या कडेने चौकटीवर बोट फिरवलं, तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावं तसं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. जाताना दोन भोकं बुजवून जायचं. आणि पावसात नाही बुजवायची, उन्हाळ्यात. चहा पाठवते."

राहायला आलो त्या दिवशीच आमच्या जाण्याची बोलणी उरकली. मला बाईंचा रागच आला. त्यांनी पाठवलेला चहा फार चांगला होता, म्हणून तो राग संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही.

त्यांना सगळं गाव सिस्टर म्हणायचं. सरकारी दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली होती आणि मावळातल्या वाड्या-वस्त्यांवरची निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर साठवलेल्या पैशांतून हे घर घेतलं आणि माणसांची शुश्रूषा संपली तशी घराची सुरू केली. घरातल्या घरात त्यांचं सगळ्यात जास्त लक्ष कुठे, तर दाराखिडक्यांच्या चौकटींकडे. कोणी पडद्याची दांडी काढून नेली, कोणी आरशाचा हूक, कोणी जुनी कडी, की मागे स्क्रूचं रिकामं भोक राहतं. तुम्ही-आम्ही त्याच्याकडे जन्मभर बघणार नाही. सिस्टरांना ते दिसलं की जेवण जायचं नाही.

"उघडी जखम आहे ती," त्या म्हणायच्या. "त्यातून पाणी शिरतं, मग किडा शिरतो, आणि एक दिवस चौकट उभी आहे पण आत काही नाही. माणूस स्क्रू आठवणीने काढून नेतो. भोक मात्र मला ठेवतो."

त्यांची हत्यारं दवाखान्यातलीच होती. एनॅमलचा पांढरा ट्रे, त्यात चिमटा, कापूस, बोथट सुरी आणि बिनसुईची पिचकारी. लाकडाच्या वखारीतून आणलेला सागवानी भुसा त्या मलमलीतून चाळून बरणीत भरून ठेवत. भोक आधी पिचकारीने फुंकून साफ करायचं. मग सागाची बारीक खुंटी सरसात बुडवून आत ठोकायची, वर भुसा आणि सरस यांचा लगदा दाबायचा, वाळला की पॉलिश पेपरने घासून जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं. झाल्यावर त्या तुम्हाला हाक मारत आणि म्हणत, "शोधून दाखव." मी कधीच शोधू शकले नाही. त्यांना इतका आनंद व्हायचा की पुढेपुढे मी दिसलं तरी सांगत नसे. पण खरं सांगायचं तर दिसायचंच नाही.

या सगळ्याला एकच मुहूर्त होता. होळी झाल्यावर सुरुवात, वळवाच्या आधी समाप्ती. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना घाम, कपड्यांना बुरशी आणि दारं फुगून चौकटीत अडकलेली. त्या दिवसांत सिस्टर एकाही भोकाला हात लावत नसत. नुसता कापसाचा बोळा खुपसून ठेवत. "पावसाळ्यात मलमपट्टी. ऑपरेशन मे महिन्यात." ओलं लाकूड फुगलेलं असतं, त्यात भरलेलं छान घट्ट बसल्यासारखं वाटतं, उन्हाळ्यात लाकूड सुकलं आणि भरलेला लगदा आक्रसला की तो सुटतो, असं त्यांचं शास्त्र होतं. आम्हा भाडेकरूंना ते तोंडपाठ झालं होतं आणि त्यांची पाठ वळली की आम्ही त्याच्या नकला करायचो.

परक्याच्या घरीही त्यांचा हा सोस सुटायचा नाही. एकदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी त्यांना घेऊन गेले. बाई मोठ्या हौशी, गौर सजवलेली, कैरीची डाळ, पन्हं. सिस्टर गौरीपुढे वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं, कंबर धरली. तर त्या शेजारच्या चौकटीकडे बघत होत्या.

"इथे काय होतं हो?"

"पडद्याची दांडी होती. दिवाळीत काढली," यजमानीणबाई म्हणाल्या.

"आणि तेव्हापासून हे असंच?"

त्या बाईंचा चेहरा असा झाला की जणू घरात आजारी माणूस आहे आणि औषध आणायचंच राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ट्रे घेऊन त्यांच्या दारात हजर. परत येताना मात्र कैरीच्या डाळीचा डबा भरून आणला आणि निम्मा मला दिला.

आमची बदली झाली तीही भर श्रावणात. हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाटी काढायला गेले. सिस्टर कापसाचे दोन बोळे घेऊन तयारच होत्या. "आता नाही बुजवायचं. मे महिन्यात या." आम्ही भुसावळहून मे महिन्यात खरंच आलो! दोन भोकांसाठी एवढा प्रवास करणारं जोडपं रेल्वेच्या इतिहासात दुसरं नसेल. पण तोवर आम्ही त्यांना हसणं सोडून दिलं होतं, आणि त्याचं कारण म्हणजे मधली खोली.

ते घर लांबट होतं. रस्त्याच्या बाजूला दुकानाचा गाळा, त्याच्या मागे मधली खोली, तिच्या मागे सिस्टरांचं स्वयंपाकघर, आणि अंगणाच्या पलीकडे आम्ही. गाळा एका चिक्कीवाल्या शेठला भाड्याने दिला होता. मधली खोली सिस्टरांची. दुकान आणि ती खोली यांच्या मध्ये एक दार होतं आणि त्या दाराची कडी खोलीच्या बाजूने होती. म्हणजे दुकानातून कोणी इकडे येऊ नये म्हणून सिस्टर आपल्या बाजूने कडी लावत. भाड्याची बोलणी सगळी तोंडी झालेली. शेठ गोड माणूस. सणावाराला चिक्कीचा पुडा पाठवायचे आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला "पुन्हा या" असं दोनदा म्हणायचे.

आमच्या बदलीच्या आदल्या वर्षी आषाढात सिस्टर मोतीबिंदू काढायला मिरजेला निघाल्या. नेमकी शेठच्या दुकानाची कौलं गळायला लागली. शेंगदाण्याची पोती, गुळाच्या ढेपा, सगळं भिजायला आलं. शेठ हात जोडून आले. सिस्टरांनी स्वतः मधल्या दाराची कडी काढली आणि म्हणाल्या, "ठेवा इथे. पाऊस ओसरला की उचलायचं."

त्या परत आल्या तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि मधल्या खोलीचं स्वयंपाकघराकडचं दार उघडत नव्हतं. आतून पोती रचली होती. पलीकडच्या दाराची कडी आता दुकानाच्या बाजूला आली होती आणि तिला भलंमोठं कुलूप होतं. शेठ चिक्कीचा पुडा घेऊन पुढे आले.

"सिस्टर, ही खोली तर दुकानाचीच. पहिल्यापासून. मी पोती ठेवतो, कुलूप लावतो. तुम्हाला ऑपरेशनमुळे आठवत नसेल."

"कडी माझ्या बाजूला होती, शेठ."

"कुठे? या की आत, बघा."

आम्ही दोघी आत गेलो. दाराच्या फळीवर शेठनी उंदरांच्या नावाखाली पत्रा ठोकला होता. त्यासाठी इतके खिळे मारले होते की तिथलं जुनं भोक कुठलं आणि नवं कुठलं, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. राहिली चौकट. तिच्यावर पूर्वी चार स्क्रूंनी बसवलेली लोखंडी पट्टी होती, त्या पट्टीच्या कोयंड्यात कडी अडकायची. आता तिथे हिरवा रंग होता, गुळगुळीत आणि चकचकीत. जणू त्या जागी कधी काही नव्हतंच.

मला वाटलं, आता सिस्टर आकांत करणार. त्यांनी काळा चष्मा काढला, चौकटीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "शेठ, रंग कधी दिलात?"

"नागपंचमीच्या आधी."

"एवढ्या पावसात?"

"हो. काय करणार, ओल फार."

"बरं केलंत," सिस्टर म्हणाल्या आणि बाहेर आल्या. अंगणात आल्यावर त्या इतक्या हसल्या की ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी आलं. मी घाबरले. डोळ्यापाठोपाठ डोकंही गेलं की काय!

"अगं," त्या म्हणाल्या, "ह्यानं पावसात बुजवलीत!"

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण ती खोली कोणाला तरी कबूल केलेली होती. पवनेच्या बाजूचा कोंडिबा म्हणून एक माणूस सिस्टरांकडे यायचा. त्याची मुलगी हौसा पायाळू होती. रात्रभर अडलेली तिची आई सिस्टरांनी सोडवली होती. हौसा सातवीत केंद्रात पहिली यायच्या बेतात होती, आणि पुढच्या जूनपासून तिला मधल्या खोलीत राहून लोणावळ्याच्या हायस्कुलात जायचं होतं. कोंडिबाच्या भावाला ते पसंत नव्हतं. त्याने पोरीसाठी स्थळ शोधायला घेतलं होतं. स्वयंपाकघरात सिस्टर स्वतः राहायच्या, देव होते, चूल होती; तिथे आणखी एक खाट मावत नव्हती. खोली मिळाली तर शाळा, नाहीतर लग्न. इतकं सरळ होतं.

सिस्टरांनी वडगावच्या कोर्टात दावा लावला. वकील तरुण होता, उत्साही होता. त्याला वाटलं, लगेच कोर्टाकडून कमिशनर नेमून घ्यावा, जागेची पाहणी व्हावी, रंग खरवडावा, भोकं दाखवावी, झालं.

"मुळीच नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी नुसतं नख लावलं तरी शेठ म्हणणार, भोकं हिनंच पाडली. सुरी लावली तर सुरीनं पाडली. ती आपली आपण उघडली पाहिजेत. आणि उघडायची ती शेठच्या हातानं."

"कधी उघडतील?"

"वैशाखात."

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्या कोर्टात पक्षकार तारीख लवकर मिळावी म्हणून हातापाया पडायचे, आणि आमची बाई तारीख पुढची मागत होती. शेठच्या वकिलाला तर आनंदच झाला. दर वेळी आम्ही गाडीने वडगावला जायचो, पुढची तारीख घ्यायचो आणि परत यायचो. स्टेशनवर चहा पिताना सिस्टर आभाळाकडे बघून म्हणायच्या, "ऊन चांगलं पडतंय." शेठ हिवाळाभर सुखाने चिक्की विकत होते.

फाल्गुनात कोंडिबा आला. डोक्यावरचं तांदळाचं गाठोडं उतरवून ओट्यावर बसला.

"शिस्टर, खोलीचं काय झालं?"

"होतंय."

"न्हाई, माजा भाऊ लय मागं लागलाय. पाव्हणे बघून गेलं. मी म्हनलं, अक्षयतृतीयेपातूर थांबा. त्याच्या पुढं मला न्हाई थांबवायचं. पोरगी रोज इचारती, आबा, मी कवा जायाचं?"

"तोपर्यंत थांब. अक्षयतृतीयेच्या आत सांगते."

तो गेल्यावर सिस्टर चौरंगावर टेकल्या. मी त्यांना घाबरलेलं फक्त तेव्हाच पाहिलं. "अगं," त्या हळूच म्हणाल्या, "त्यानं सागाची खुंटी आणि सरस वापरला असला तर? रंगाच्या वासात मला दुसरा वासच कळला नाही. डोळाही नीट नव्हता. त्यानं माझ्यासारखं काम केलं असेल तर पावसाचाही काही भरवसा नाही. पोरीचं लग्न माझ्या हट्टापायी लागेल." मी म्हटलं, तुमच्यासारखं काम करायला माणसाला लाकडाची माया लागते, शेठला फक्त खोलीची आहे. त्यांनी माझ्या गालावर चापट मारली आणि उठून कुकर लावला.

पाहणीची तारीख अखेर अक्षयतृतीयेच्या अलीकडची मिळाली. कोर्टाने नेमलेले कमिशनर म्हणजे वडगावचे एक वयस्कर वकील होते. उन्हाची छत्री घेऊन, कपाळ पुसत आले. दोन्ही बाजूंचे वकील, शेठ, सिस्टर आणि "मदतनीस लागते" म्हणून नेलेली मी, असे सगळे पोत्यांच्या मधून वाट काढत दारापाशी उभे राहिलो. कोंडिबा हौसाला घेऊन बाहेर अंगणातच थांबला होता.

मी आधी चौकट बघितली. हिरव्या रंगावर चार गोल खळगे उमटले होते, दंडावरच्या देवीच्या वणांसारखे.

"हे काय?" कमिशनरांनी विचारलं.

"रंगाचे फोड आहेत, साहेब," शेठचे वकील म्हणाले. "उन्हाने येतात."

"खरवडून बघू?"

"नको," सिस्टर म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कोणी हात लावू नका. माझं फक्त एवढंच म्हणणं आहे की शेठनी दार लावून दाखवावं. त्यांचंच दार आहे ना? रोज लावतात तसं लावावं."

शेठनी दार लावलं. अलगद, फुलासारखं. काही झालं नाही.

"रोज असंच लावता?" सिस्टर म्हणाल्या. "मग उंदरांसाठी पत्रा कशाला मारलात? असलं दार उंदीर स्वतः उघडून येईल, आणि जाताना पुडा बांधून नेईल."

कमिशनर हसले. शेठचे वकीलही हसले. शेठना मात्र ते लागलं. "हे घ्या!" म्हणून त्यांनी दार असं आदळलं की वरच्या कौलातून धूळ पडली.

आणि चौकटीतून नखाएवढं काहीतरी सुटलं, खाली पडलं आणि घरंगळत कमिशनरांच्या चपलेपाशी जाऊन थांबलं.

कमिशनरांनी ते उचललं. एका टोकाला हिरवा रंग, बाकी पिवळट. त्यांनी नाकाला लावलं.

"हा तर कपडे धुवायचा साबण!"

साबण! सरस नाही, खुंटी नाही. शेंगदाणा आणि गूळ यांचा जन्मभर व्यापार केलेल्या माणसाने चार भोकं बुजवायला साबणाची वडी वापरली होती. सिस्टरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. विजयाच्या आधी त्यावर चक्क तिटकारा उमटला. "साबण?" त्या शेठना म्हणाल्या. "सागवानात?"

"आता परत लावा," कमिशनर म्हणाले. शेठ हलेनात. मग कमिशनरांनी स्वतःच छत्री माझ्या हातात दिली आणि दार आदळलं. दुसरा बोळा पडला. परत आदळलं, तिसरा पडला. चौथा मात्र हटून बसला.

"असू दे त्याला," सिस्टर म्हणाल्या. "तीन पुरेत. आता पलीकडची पट्टी काढा."

कारण शेठनी काटकसर केली होती. नवी कडी-पट्टी विकत आणायची सोडून त्यांनी जुनीच काढून दुकानाच्या बाजूला लावली होती. ती तिथून सोडवली आणि कमिशनरांनी आपल्या हाताने या बाजूला चौकटीवर धरली. पट्टीची तीन छिद्रं तीन भोकांवर बसली आणि चौथं बरोबर त्या हटून बसलेल्या बोळ्यावर. पट्टीच्या कडेचा जुना ओरखडासुद्धा रंगाखालून दिसणाऱ्या लाकडावरच्या ओरखड्याला जुळला.

शेठच्या वकिलांनी चष्मा पुसायला घेतला. कमिशनर म्हणाले, "शेठ, भाडेकरूला बाहेर ठेवायची कडी भाडेकरूच्या खोलीत कशी असेल? मी काय लिहिणार ते तुम्हाला कळलं असेलच. त्याआधी तुम्हीच काय ते बोला." शेठ कपाळ पुसत खाली बघून म्हणाले, "उद्या पोती उचलतो."

सिस्टर ताठ मानेने अंगणात आल्या. कोंडिबा उठून उभा राहिला.

"मंग शिस्टर? लगीन मोडू का?"

"आधी मोड. मग चहा घे."

आणि तो रांगडा माणूस अंगणातच मुलीला कडेवर घ्यायला वाकला. हौसा लाजून तुळशीमागे पळाली. "आबा, मी काय बारकी हाय का आता!" मी आणि सिस्टर एकमेकींकडे बघून मनसोक्त हसलो आणि मनसोक्त रडलोही. संध्याकाळपर्यंत साबणाची गोष्ट बाजारभर झाली. गिऱ्हाइकं महिनाभर शेठना विचारत होती, "चिक्कीत गूळच आहे ना?"

पोती गेली. खोली धुतली. सिस्टर ट्रे घेऊन चौकटीपुढे बसल्या, चौथा बोळा चिमट्याने काढला, भोकं पिचकारीने फुंकली, खुंट्या सरसात बुडवल्या. मुहूर्त उत्तम होता, उन्हाळा भरात होता. मला वाटलं, आता त्या हाक मारणार आणि म्हणणार, शोधून दाखव.

पण त्यांनी खुंट्या बसवल्या, लगदा वाळू दिला आणि मग त्याच चार जागी स्क्रू पिळून जुनी पट्टी परत जागेवर बसवली.

"बुजवायचं ते गेलेल्याचं," त्या म्हणाल्या. "ही तर घरी परत आली."

जूनमध्ये हौसा पत्र्याची ट्रंक घेऊन आली. पाऊस लागला होता. दिवेलागणीला मी अंगण ओलांडून सिस्टरांकडे ताक द्यायला गेले, तर पलीकडे शेठ दुकान आवरत होते आणि इकडे हौसा टाचा उंचावून मधल्या दाराची कडी लावत होती. दार ओलीने फुगलं होतं, कडी कोयंड्यात जाईना. मी मदतीला पुढे झाले, तर सिस्टरांनी स्वयंपाकघरातून मला हाताने थांबवलं. हौसाने दाराला खांदा लावला, दात खाल्ले आणि तळहाताने कडीवर एक तडाखा दिला. खाडकन आवाज झाला. पलीकडे शेठच्या हातातला डबाही वाजला.

"बसली?" सिस्टरांनी चुलीपाशी बसूनच विचारलं.

"बसली!" हौसा ओरडली. "आता कुनीबी न्हाई येत!"